घरातली आधीची बाई

माझी आई अन्नपूर्णाबाई आषाढात तापानं गेली. मी तेव्हा सातेक वर्षांची होते. माझे वडील तुळशीराम भाजीपाल्याचा मळा करत. सोनाळ्यापासून दोन कोसांवर, वान नदीच्या अंगाला आमची जमीन होती. वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं काहीबाही बारा महिने उभं असायचं. मळ्यातच दोन खोल्यांचं मातीचं घर. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या मध्यप्रांताला जोडलेलं होतं, असं मला पुढं शाळेत कळलं. आमचं जग सोनाळ्याच्या बाजाराला जाऊन तिथूनच परत फिरायचं.

वर्ष सरायच्या आत वडिलांचं दुसरं लग्न झालं. थोरली आत्या रुक्मिणीबाई गावात राहायची, तिनंच मुलगी पाहिली. गीताबाई घरात आली तेव्हा तीही सोळा-सतरा वर्षांचीच असेल. उंच, हातपाय लांब, बोलणं कमी. पदर सारखा घसरायचा आणि ती तो सारखा ओढून घ्यायची. मला सांगण्यात आलं की हिला मावशी म्हणायचं. मी म्हणू लागले. मावशीही माझ्याशी, शेजारच्या पोरीशी वागावं तशी, जपून वागायची.

आई अजून घरातच आहे, हे मला आत्याकडून कळलं. आत्या वाईट बाई नव्हती. आठ दिवसांनी यायची, येताना मला फुटाणे आणायची आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत शेजारणींना सांगायची, अन्नपूर्णीचा जीव ह्या पोट्टीत अडकला, ती कुठली जाते. ऐकून बायका घराच्या आढ्याकडं बघायच्या.

आमच्याकडं भुताखेताचं भय रात्रीपेक्षा भर दुपारचं जास्त. उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता मळ्यात चिटपाखरू नसायचं. वडील विहिरीजवळ आंब्याखाली पडलेले, मी आणि मावशी घरात. अशा वेळी आतल्या खोलीत भांडं वाजायचं. कधी जात्याचा खुंटा कुणी हलवल्यासारखा वाटायचा. मावशी ताठ व्हायची. मला जवळ ओढायची. पण तो आधार मला द्यायला असे की स्वतःला मिळवायला, हे सांगता आलं नसतं. तिची भाकर करपली की आत्या म्हणायची, पाह्य, अन्नपूर्णी तुले चुलीजवळ येऊ देत नाही. मृगात मावशीला हिवताप आला, तोही आईच्याच नावावर गेला.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला अजून नीट सांगता येत नाही. मला आईची आठवण यायची. इतकी यायची की तिच्या गोधडीत तोंड घालून मी पडून राहायचे. आणि त्याच गोधडीतून उठून आतल्या खोलीत जायचं म्हटलं की पाय उचलायचे नाहीत. जिच्याकडं धावत जावं तिचीच भीती. सात-आठ वर्षांच्या पोरीला हे कुणापाशी बोलता येणार?

दिवाळीच्या आधी आत्यानं ठरवलं की आता उपाय करायचा. तिच्या ओळखीचा एक मांत्रिक होता. तो येणार, घरातल्या बाईला मडक्यात घालणार, मडक्याचं तोंड काळ्या फडक्यानं बांधणार आणि वानेच्या डोहात सोडणार. मग ती परत येत नाही. दिवाळी झाल्यावर पुढच्या अमावास्येचा दिवस ठरला. मावशीनं मान हलवली. ती भ्यालेली होती, तिला दोष कसा द्यावा? मोठ्या बहिणीपुढं बोलायची वडिलांना सवयच नव्हती.

कार्तिकात सोनाळ्याला जत्रा भरली. दरवर्षीप्रमाणं आम्ही गाडीत भाजी भरून गेलो. जत्रा संपेपर्यंत गाडीखालीच मुक्काम असायचा. भाजी विकायची, आणि जाताना मांत्रिकानं सांगितलेलं सामान घ्यायचं: नारळ, लिंबं, काळं फडकं, नवं मडकं. मडकं वडिलांनी पहिल्याच दिवशी घेऊन गाडीत पेंढ्यावर ठेवलं. मी त्या बाजूला बसतच नव्हते.

त्या साली जत्रेत सिनेमाचा तंबू आला होता. आमच्या भागात तो नवाच प्रकार. तेव्हा चित्रं बोलत नसत. पांढऱ्या पडद्यावर माणसं हलायची आणि पडद्याच्या बाजूला एक माणूस हातात काठी घेऊन उभा राहायचा. कोण काय म्हणतं, कुठं चाललं, हे तो खड्या आवाजात सांगायचा. ह्या तंबूतला सांगणारा हैदर नावाचा होता. रोहिणखेडचा पिंजारी. एरवी घरोघर जाऊन गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा आणि जत्रांच्या हंगामात तंबूबरोबर हिंडायचा. दिवसभर तो ढोलकीवाल्याला बरोबर घेऊन जत्रेतून ओरडत फिरला, की भुताच्या घराचा खेळ आहे, पण भ्यायचं काम नाही, हसायचं आहे, लेकराबाळांले घेऊन या.

वडिलांनी आम्हा दोघींना पाठवलं. ते स्वतः भाजीजवळ थांबले. दिवेलागणीला आम्ही बायकांच्या बाजूला, अगदी पुढं, जमिनीवर जाऊन बसलो.

शहरातलं एक कुटुंब भाड्यानं बंगल्यात राहायला येतं. नवरा, बायको, दोन मुलं. त्या बंगल्यात पांढऱ्या लुगड्यातली एक बाई असते, ती कुणाला दिसते, कुणाला दिसत नाही. ती नवऱ्याची पगडी उचलून खुंटीला टांगते. वरणात मीठ घालते. भाड्यासाठी दांडगाई करणाऱ्या घरमालकाची मिशी ओढते, आणि तो धोतर सावरत पळतो. तंबू नुसता फुटत होता हसून. मीही हसले. मावशीनं चमकून माझ्याकडं पाहिलं, कारण ती घरात आल्यापासून मला तिनं तसं हसताना पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी मुलं झोपलेली असतात आणि ती पांढरी बाई येऊन त्यांच्या अंगावर पांघरूण सारखं करते. तिथं कुणी हसलं नाही. हैदरही तिथं काही बोलला नाही.

शेवटी मांत्रिक आला. दाढी, माळा, हातात घागर. धूर झाला आणि बाई धुरातून लहान लहान होत घागरीत गेली. मग घरची बाई ती घागर घेऊन नदीवर आली, मांत्रिकानं हात केला, तिनं घागर पाण्यात घातली. पाण्यावर बुडबुडे आले. हैदर ओरडला, "गेली बुडाली! सुटले बिचारे!" पुढच्या चित्रात सगळं घर पंगतीला बसलं होतं, मुलं हसत होती. खेळ खतम. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी रडले नाही. मावशीच्या मांडीत तोंड घातलं आणि तशीच राहिले. तंबू रिकामा झाला तरी मी उठेना. मावशीनं मला उचललं, एवढी मोठी पोर कडेवर घेतली आणि गाडीपाशी आणली. मी जेवले नाही. वडिलांनी विचारलं, भ्याली काय? मावशी म्हणाली, नाही, भ्याली नाही. मी गाडीतल्या मडक्याकडं पाहत होते, हे तिला दिसलं होतं.

सकाळी पाणी आणायच्या निमित्तानं तिनं मला बरोबर घेतलं आणि विहिरीवर न जाता सरळ तंबूमागं गेली. हैदर चुलीपुढं बसून चहा गाळत होता. नवी सून, परका माणूस, भर जत्रा. आज विचार केला तर वाटतं, केवढं धाडस होतं ते. तिनं पदर ओढून घेतला आणि जरा दूरच उभी राहिली.

"भाऊ, त्या घागरीचं पुढं काय झालं?"

हैदरनं मान वर केली. त्याला कळलं नाही. मग म्हणाला की पुढं काही नाही, बाई, तिथं खेळ संपते.

मावशीनं मग सांगितलं. ही पोट्टी राती जेवली नाही. हिची माय गेल्या सालच्या आखाडात गेली. आमच्या घरी बी अमावास्येले मडकं बांधनार आहे. एवढंच. हैदरनं चहाचं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. काही वेळ तो चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिला.

"चित्र मले बदलता येत नाही, बाई," तो म्हणाला. "पण चित्रात एवढंच दिसते का घागर पान्यात घातली. बुडवाले घातली का भराले घातली, हे तं मीच सांगतो ना? आज या."

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथंच बसलो. मावशीनं माझा हात धरून ठेवला होता. खेळ तोच. पगडी तीच, मिशी तीच, लोकही तसेच हसले. मांत्रिक आला, धूर झाला, बाई घागरीत गेली. घरची बाई घागर घेऊन नदीवर आली. हैदर पडद्याच्या जवळ सरकला. त्याचा आवाज आज खाली आला होता.

"मांत्रिक म्हनते, सोड पान्यात. घरची बाई म्हनते, काऊन सोडू? हिनं माह्या लेकरायले पांघरून घातलं. हिले तहान लागली असन." पडद्यावर घागर पाण्यात गेली, बुडबुडे आले. "पाहा, भरून राह्यली. भरली. आता चालली घरी."

मागून एक जण ओरडला, काल तं बुडवली होती ना बे! हैदर मागं न पाहता म्हणाला की काल मले बराबर दिसलं नोतं. सगळा तंबू हसला. आणि पडद्यावर ते घर आलं, पंगत बसलेली, आणि पंगतीच्या मागं, भिंतीशी, पाण्याची घागर ठेवलेली. ती कालही तिथंच असणार. आदल्या दिवशी कुणीच पाहिली नव्हती.

"आली घरी," हैदर म्हणाला.

त्या रात्री मी दोन भाकरी खाल्ल्या, असं वडील पुढं नेहमी सांगत. मला ते आठवत नाही. मावशीचा हात घामानं ओला झाला होता, तो आठवतो.

जत्रा संपवून घरी आलो. बैल सोडल्याबरोबर मावशीनं पेंढ्यावरचं नवं मडकं उचललं, वानेवर गेली, घासूनपुसून धुतलं, भरलं आणि आणून पाण्याच्या जागी ठेवलं. वडील बैलांना वैरण टाकता टाकता पाहत होते. हातपाय धुऊन आत आले आणि त्याच मडक्यातलं पाणी प्याले. त्यांची बोलायची रीत अशीच होती.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. मडकं भरलेलं पाहून तिचा चेहरा उतरला. मग बरीच बोलाचाली झाली. आत्याचं म्हणणं, मी काय माझ्यासाठी करते? उद्या तुझ्या पोटी लेकरू येईल, त्याला काही झालं तर? मावशी भाजी निवडत होती. ती खाली मान घालूनच बोलली.

"वन्सं, त्या मांत्रिकाले येऊ नका म्हना. ह्या घरी त्या आधी आल्या, मी मागून आली. मागून येनारीनं आधीच्या बाईले हाकलावं काय?"

"अन् तुले भेव वाटते, त्याचं काय?"

"वाटते ना. पन पोट्टीले मायचं भेव वाटून राह्यलं, ते जास्त वाईट."

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. माझी आई तिचीही भावजय होती, एका ताटात जेवलेल्या होत्या दोघी. तिलाही तिची आठवण यायचीच. फक्त त्याचं काय करावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मांत्रिक काही आला नाही.

सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायची चाल आमच्याकडं आहे. गेलेल्या पहिल्या बायकोची छोटीशी प्रतिमा. पुष्कळ बायका तो भीतीपोटी घालतात. मावशीनं माहेरची चांदीची वाळी सोनाराला मोडायला दिली आणि टाक करून घेतला. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायची, मग स्वतः नेसायची. सणाच्या दिवशी पहिलं ताट आईचं. मी भीतभीत विचारलं, तुला काय म्हणू? ती म्हणाली, "मावशीच म्हन. माय हाय तुले. मावशी मंजे मायची बहीन." तोवर त्या हाकेचा असा अर्थ असतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घरातले आवाज थांबले नाहीत. दुपारी भांडं वाजायचंच. ते मांजर असेल, उन्हानं तडकणारं लाकूड असेल, आम्ही कधी शोधलं नाही. मावशी नुसती म्हणायची, "वच्छे, पाह्य वं, माय काय म्हन्ते. दाळ उतू चालली असन." आणि मी धावत आत जायचे. एकदा खरंच दाळ उतू चालली होती. तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडं पाहून इतक्या हसलो की बाहेरून वडील विचारायला आले.

हळूहळू मावशीला एक युक्ती सापडली. स्वतःला हवी असलेली गोष्ट ती आईच्या तोंडून मागू लागली. सोनाळ्याला शाळा होती, पण मुलींना कोण घालणार? मावशी वडिलांना म्हणाली, "माह्यं नका आयकू. त्यायचं आयका. त्या म्हन्तेत, पोट्टीले शिकवा." वडिलांना खरं काय ते कळत होतं, आणि मावशीला कळत होतं की त्यांना कळतं. तरीही मेलेल्या बायकोला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. मी शाळेत गेले. पुढं बुलढाण्याला शिकवण्याचा वर्ग केला, तिथल्याच मुलींच्या शाळेत बाई झाले. ह्या सगळ्याच्या मुळाशी दोन बाया आहेत, एक गेलेली आणि एक तिच्या नावानं बोलणारी.

आणखी एक गोष्ट तिनं केली, ती मला फार उशिरा कळली. मावशीनं माझ्या आईला कधी पाहिलं नव्हतं. पण मला रोज तिच्याविषयी सांगायची. आई दळताना कोणती ओवी म्हणायची, जवसाच्या चटणीत लसूण किती घालायची, हसताना तोंडावर हात कसा धरायची, मी पाळण्यात असताना मला कोणत्या नावानं हाक मारायची. मला वाटायचं, ही थोरल्या माणसांना ठाऊकच असणारी माहिती. मी नोकरीला लागल्यावर आत्यानं सांगितलं, की लग्न होऊन आल्याच्या त्या पहिल्या वर्षात, जत्रेनंतर, गीता शेजारपाजारच्या प्रत्येक बाईच्या अंगणात जाऊन बसली होती. आईच्या माहेरीसुद्धा जाऊन आली. सवतीच्या माहेरी! तिथं तिला आधी कुणी बस म्हटलं नाही. ती उभ्यानं विचारत राहिली, मग त्यांच्याच घरात जेवून परतली. आईची म्हणून जी आठवण माझ्याजवळ आहे, तिच्यातली किती माझी आणि किती तिनं दारोदार फिरून गोळा केलेली, हे आता मला वेगळं काढता येत नाही. काढायचंही नाही.

माझा भाऊ, उत्तम, जन्मला तेव्हा तिनं आधी तो माझ्या मांडीवर दिला. त्याला काही झालं नाही. तो आता मळा पाहतो.

हैदर पुढं दोन-तीन वर्षांनी आमच्या मळ्यावर आला, गाद्या पिंजायला. बोलणारी चित्रं आली होती आणि तंबूवाल्यांना सांगणाऱ्याची गरज उरली नव्हती. तो म्हणाला की त्या जत्रेनंतर तो खेळ त्यानं प्रत्येक गावी तसाच सांगितला. बाया पुन्हा पुन्हा यायच्या. मावशीनं त्याला ताजी वांगी भाजून भाकर वाढली आणि जाताना ओंजळभर मिरच्या दिल्या. आमच्या सगळ्या रजया त्यानं पिंजल्या, आईच्या गोधडीला मात्र हात लावला नाही. मावशीनं सांगितलं नव्हतं, त्यानंच ओळखलं.

मी बुलढाण्याला बिऱ्हाड केलं तेव्हा मावशी वर्षातून एकदा यायची. घाट चढून मोटार यायची, त्यात तिला हमखास मळमळायचं, तरी टोपली भरून भाजी आणायचीच. कोर्टाजवळच्या बाजारात ह्याहून चांगली मिळते, असं मी म्हटलं की रागवायची. पठारावरची थंडी तिला सोसत नसे. दोन दिवस झाले की परतायची घाई.

एका खेपेला तिला पोचवायला मी मोटारीत चढून तिच्या शेजारी बसले. आभार मानायची चाल आमच्या घरात नव्हती. तरी त्या दिवशी मी ठरवून आले होते. शाळेत मुलींपुढं तास तास बोलणारी मी, पण तिथं शब्द सुचेनात. म्हटलं, मावशी, तू नसतीस तर मला आई नसती. असं काहीतरी. उलटंसुलटं.

ती खिडकीबाहेर बघत होती. ड्रायव्हर पुढं जाऊन मोटार सुरू करायला दांडा फिरवत होता. तिनं माझ्या पदराला लागलेला टोपलीचा काडीकचरा झटकला.

"मोटार सुटून राह्यली," ती म्हणाली. "उतर आता. अन् मेथी आजच निवड, उद्यापर्यंत पिवळी पडन."

मी उतरले.